निरोगी माणसाचं रक्त

पंप सुरू करून ती सूक्ष्मदर्शकावर वाकली आणि मिनिटभरातच तिच्या तोंडून “अगं बाई!” निघून गेलं. काचेच्या बारीक नळीला आतून रक्तवाहिनीच्या पेशींचं अस्तर होतं आणि त्या अस्तराला औषध घालून मुद्दाम सूज आणलेली होती. तिच्याच पांढऱ्या पेशी त्यावरून गडगडत आल्या, रेंगाळल्या आणि माहेरी आल्यासारख्या एकेक करून भिंतीला चिकटून बसल्या. काही तर चपट्या होऊन पलीकडे शिरायच्या तयारीलाही लागल्या.

वास्तविक त्यांचं कामच ते. सूज दिसली की भिंत धरायची. पण इतक्या संख्येनं चिकटायचा मान तिच्या प्रबंधात फक्त सांधेदुखीच्या रोग्यांना होता. निरोगी माणसाच्या पेशी जरा घुटमळतात आणि पुढे निघून जातात, हे तिचं संशोधन. बाकीची पानं त्या एका वाक्याच्या तैनातीला होती.

निरोगी माणूस म्हणजे सर, तिचे मार्गदर्शक. प्रयोगशाळा सुरू झाल्यापासून तुलनेला रक्त त्यांचंच. बाहेरचा माणूस आणायचा तर परवानग्यांचं लचांड, आणि सरांना स्वतःच्या तब्येतीचा अभिमानही होता. आज ते उशिरा येणार होते, म्हणून तिनं स्वतःचं रक्त वापरलं होतं.

तिनं प्रयोगशाळेच्या शिपाईमामांना गाठलं.

“मामा, थोडं रक्त द्याल?”

“आजवर प्यायलात ते पुरलं नाही वाटतं?” म्हणत मामांनी बाही वर सारली.

मामांच्याही पेशी चिकटल्या.

दुपारी सर लंगडत आले. तिच्या आणि मामांच्या पेशींच्या चित्रफिती त्यांनी शांतपणे पाहिल्या.

“मामा आजारी आहेत,” ते म्हणाले. “आणि तूही. बघ, किती वाळलीयेस.”

“दोघंही, सर?”

“निरोगी माणसं राहिलीत कुठे आता?”

खुर्चीत टेकून त्यांनी बूट काढला. अंगठा लालबुंद झाला होता. खिशातून गोळ्यांची पट्टी काढून त्यांनी एक गोळी पाण्याबरोबर घेतली.

“कसली गोळी?”

“युरिक ॲसिडची. आजार नव्हे गं, अंगठ्यापुरता मामला. वर्षानुवर्षं रोज घेतोय. परवा प्रवासात चुकली, लगेच ठणका.”

तिनं पट्टी हातात घेऊन औषधाचं नाव वाचलं. ते तिच्या प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात होतं. पांढऱ्या पेशींची भिंतीवरची पकड ढिली करणाऱ्या औषधांबद्दल तिनं तिथे फार सुबक परिच्छेद लिहिला होता. म्हणजे रोगी आणि निरोगी असा फरक तिनं मोजलाच नव्हता. तिनं इतकी वर्षं ही गोळी मोजली होती.

सरांनी तिच्याकडे पाहिलं, मग पट्टीकडे. ती अलगद काढून घेऊन त्यांनी खिशात घातली.

“सोमवारी परीक्षक येताहेत. प्रयोग डोळ्यांदेखत बघणार म्हणतात,” ते म्हणाले. “काही सांगायचंय का तुला?”

दुसऱ्या शहरातली नोकरी पदवीसाठी अडून बसली होती. आईनं शेजारीपाजारी तिला ‘आमची डॉक्टर’ म्हणायला सुरुवातही केली होती. ती पंप धुवायला उठली.

सोमवारी परीक्षक पडद्यासमोर खुर्च्या ओढून बसले. सर हसतमुखानं बाही दुमडत शेजारच्या टेबलाशी आले. दंडाला पट्टा आवळताना ती त्यांच्या कानाशी वाकली.

“सर, चुकली नाही ना पुन्हा?”

“छे गं,” सर तितक्याच हळू म्हणाले, “त्या दिवसापासून दोन घेतोय.”

“मूठ आवळा,” ती म्हणाली, आणि शीर चाचपू लागली.