बंद दारामागची घासणी

मुलांच्या वॉर्डात आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं, पोरीला 'दुखतंय का' असं विचारायचं नाही.

मी सिस्टरला म्हटलं, "मग काय विचारायचं? पंखा कसा आहे?"

"काहीही विचारा. गोष्ट विचारा, चित्र काढायला लावा. पाय सोडून."

आता बघा. पायासाठीच पोरीला आणलंय, आणि पायाचंच नाव काढायचं नाही. माझ्या डोक्यात तिथेच किडा वळवळला. कुणी विचारलंच नाही तर ती सांगणार नाही, ती सांगणार नाही म्हणजे दुखत नाही, म्हणजे बरी झाली, चला घरी. डॉक्टर मोकळे.

मी कॅमेरे बसवतो. दुकानांत, गोदामांत, इमारतींच्या जिन्यांत. कुठे शिकलो नाही, वायरी जोडत जोडत आलं. लोकांचा एकमेकांवर विश्वास असता तर मी उपाशी मेलो असतो. त्यामुळे संशय घ्यायला मला वेगळं बसावं लागत नाही.

पोरगी म्हणजे माझी भाची. नऊ वर्षांची. सगळे खारू म्हणतात, कारण हाताला लागेल ते कुरतडते. पेन्सिल, बाहीचं टोक, एकदा माझं सिमकार्ड. वर्षभरापूर्वी खेळताना तिचा डावा पाय मुरगळला. सूज उतरली, दुखणं काही गेलं नाही. उलट वाढतच गेलं. मोजा घालता येईना. पायावर चादर पडली तरी कळवळायची. एक्सरे काढले, सगळ्या तपासण्या केल्या, सगळं म्हणे ठीक. मग भाऊजी, म्हणजे तिचे पप्पा, उघड बोलायला लागले, "शाळा बुडवायची नाटकं आहेत, दुसरं काही नाही." आणि ताई त्या दोघांच्या मधे वाळून काडी झाली.

मी पहिल्यापासून खारूच्या बाजूचा. म्हणून तर ताईने सोबतीला मला बोलावलं. म्हणाली, "तुझी नजर बारीक आहे. इथे काय चाललंय ते बघ. तू म्हणशील तर ठेवू, तू म्हणशील तर घरी नेऊ. माझं डोकंच चालत नाही रे."

म्हणजे पोरगी इथे राहणार की नाही, ते आता माझ्या गळ्यात.

मग मी बघायला लागलो.

व्यायामाच्या बाई होत्या. दांडग्या, बाह्या दुमडलेल्या, चालायच्या कमी आणि धावायच्या जास्त. त्यांच्या हातात कायम एक प्लास्टिकची टोपली. मी डोकावून पाहिलं. कापूस, रंगवायचा ब्रश, खरखरीत टॉवेल आणि भांडी घासायची घासणी. ज्या पायाला चादर सहन होत नाही त्याला घासणी?

रोज सकाळी त्या खारूला व्यायामाच्या खोलीत न्यायच्या आणि दार लावून घ्यायच्या. घरच्यांनी बाहेर बसायचं. थोड्या वेळाने आतून आवाज यायचा. आधी कण्हणं, मग किंचाळी. शब्द कळायचे नाहीत. मी उठून दारापाशी जायचो, तर सिस्टर म्हणायची, "बसा."

खारू बाहेर यायची तेव्हा डोळे लाल, केस कपाळाला चिकटलेले.

"आत काय करतात गं?"

"काही नाही."

असं म्हणून ती बाईंकडे बघायची. बाई तिच्याकडे. दोघी ओठ दाबून.

हे 'काही नाही' मी ओळखतो. गोदामातला माल कमी भरला की रखवालदार अगदी असंच म्हणतो.

शेवटी बाईंना जिन्यात गाठलं. "आत नेमकं काय चालतं?"

"व्यायाम. असं समजा, तिच्या पायातला अलार्म अडकलाय. चोर कधीच पळाला, सायरन वाजतोच आहे. तो हळूहळू शांत करायचा."

"म्हणजे खोटा अलार्म."

"खोटा म्हणजे..." त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांना वरून हाक आली आणि त्या पळाल्या.

माझ्या धंद्यात खोटा अलार्म म्हणजे एकच. गिऱ्हाईक उगाच बोंबलतंय, खेप फुकट. म्हणजे या बाईही भाऊजींच्याच पार्टीतल्या! पोरगी खोटारडी आहे असं धरून तिला घासणीने वठणीवर आणतायत.

मी ताईला सांगितलं, "घरी नेऊ."

"नक्की?"

"नक्की."

ताई म्हणाली, सकाळी खाली जाऊन तसं लिहून देते. पण मला रिकाम्या हाताने जायचं नव्हतं. बाईंना तोंडावर पाडायचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी खारूच्या पाठपिशवीच्या बंदाला मी शर्टाच्या बटणाएवढा एक कॅमेरा लावला. ती पिशवी ती सगळीकडे नेते. दार बंद झालं, ताई खाली गेली, आणि मी बाकावर इअरफोन घालून मोबाइल उघडला.

पिशवी खुंटीला टांगलेली असावी. खारू गादीवर दिसत होती, पाय लांब. बाई तिच्यापासून चांगल्या हातभर लांब, जमिनीवर मांडी घालून, हात मांडीवर.

घासणी खारूच्या हातात होती.

ती स्वतः घासत होती. अगदी हळू, घोट्यापासून बोटांपर्यंत. ओठ पांढरे पडलेले. बाई म्हणाल्या, "थांबायचंय?"

"नाही."

"मग कुणाचा नंबर आज?"

"पप्पा!" खारू किंचाळली. "पप्पा लबाड! पप्पा दगड! पप्पांच्या पायाला मुंग्या चावू देत!" एकेका शिवीला घासणी एकेक बोट पुढे. पप्पा संपले, शाळेच्या बाई आल्या, त्या संपल्या.

"आणि मामा! मामा मठ्ठ बैल! सारखा डोळे वटारून माझ्या पायाकडे बघतो! तो बघायला लागला की जास्तच दुखतं!"

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "अजून दे दोन."

तिने दिल्या. त्या मी इथे टाइप करत नाही.

मी इअरफोन ओढून काढले आणि जिन्याने खाली पळालो. ताई काउंटरवर उभी, हातात पेन.

"थांब! तिला कुणी हात लावत नाहीये. ती स्वतःच घासते."

"तुला कसं कळलं?"

खिडकीतून दिसलं म्हणणार होतो. पण त्या खोलीला खिडकीच नाही, आणि ताईला ते माहीत होतं.

"कॅमेरा लावला होता. पिशवीला."

ताईने सगळ्यांदेखत माझ्या दंडाला चिमटा काढला, लहानपणी काढायची तस्सा. मग हळूच विचारलं, "रडत होती?"

"रडत होती. पण थांबत नव्हती."

तिने पेन खाली ठेवलं.

बाईंना आम्हीच जाऊन सांगितलं. त्या ओरडल्या असत्या तर परवडलं असतं. "पुसा. माझ्यासमोर," एवढंच म्हणाल्या. मी पुसलं. "तक्रार मी करणारच आहे. तुम्हाला वॉर्डात ठेवायचं का, ते वरचे ठरवतील. आणि खोटा अलार्म म्हणालात ना? चोर नसताना सायरन वाजला तर कान बधिर होतात की नाही?"

"होतात."

"तिला तसंच दुखतं. खरंखुरं. फक्त आपण विचारत राहिलो की ती दिवसभर पायाकडेच बघत बसते, आणि सायरन आणखी चढतो. म्हणून आधी कापूस, मग टॉवेल, मग घासणी, अशी पायाला स्पर्शाची सवय लावायची."

खारूलाही कळलं होतं. ती पलंगावर पाठ फिरवून पडली होती.

"तुझ्यावर नव्हता गं तो कॅमेरा. बाईंवर होता."

"माझ्या पिशवीला होता."

मी पिशवी उचलून तिच्या उशाशी ठेवली.

"पप्पांना मी खोटी वाटते. ते निदान तोंडावर बोलतात."

मी स्टूल ओढून बसलो. मग ती म्हणाली, "शिव्या ऐकल्यास?"

"ऐकल्या."

"सगळ्या?"

"मठ्ठ बैलापासून पुढच्या सगळ्या."

ती वळली नाही. पण बाहीचं टोक चावायला लागली, म्हणजे विचार चालू होता.

"आई म्हणते, तू सांगितलंस तर मला घरी नेणार."

"आता तू सांगायचंस."

"मला राहायचंय. उद्या तूही आत ये. पण भिंतीकडे तोंड करून बसायचं. एकदा जरी वळलास ना, मी घासणी फेकीन आणि परत हातात घेणार नाही."

बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "पेशंट ती आहे. तुम्हाला वरून काढेपर्यंत बसा."

तर मी बसलो. समोर फिकट हिरवी भिंत, पोपडे आलेली. मागे टॉवेलचा आवाज, खसखस, खसखस. मग घासणी टोपलीतून काढल्याचा. मग थोडा वेळ काहीच नाही.

मग ती अशी कण्हली की माझी मान आपोआप फिरायला लागली. दोन्ही हातांनी स्टूल धरलं.

"मामा, वळलास!"

"नाही."

"खोटं!"

"नाही वळला," बाई म्हणाल्या.

खारू पुन्हा सुरू झाली. पप्पा, शाळेच्या बाई, मी. माझा नंबर आज बराच लांबला. ती खरंच घासत होती, की नुसती घासणी गादीवर घासून मला बनवत होती, ते कळायला मला काही मार्ग नव्हता.

मी भिंतीकडे बघत राहिलो.