वरच्या गल्लीचं पाणी

प्रियदर्शनी कुरणे नगरसेविका झाली, तेव्हा खालच्या गल्लीत एकही फटाका वाजला नाही. तिथं बाळासो इंगवले राहायचे. पंधरा वर्षं नगरसेवक राहिलेला हा माणूस एका शाळेतल्या बाईंकडून हरला होता.

प्रियदर्शनीनं प्रचारात शब्द दिला होता, की दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तालमीसमोर बसून महिन्यात काय झालं, काय राहिलं ते सगळ्यांना सांगणार. ती तसं करतही होती. महासभेत काय ठरलं, कुठला रस्ता खोदणार, दिवे कुठवर आले, सगळं सांगायची. लोक ऐकून घ्यायचे आणि शेवटी वरच्या गल्लीतली म्हातारी तानाबाई उठायची.

"आनी आमचं पाणी?"

"न्हाई झालं, आज्जी," प्रियदर्शनी म्हणायची. हे सांगताना दर वेळी तिची मान खाली जायची.

वरची गल्ली चढावर होती. सकाळी पाणी सुटलं की खालच्या गल्लीत घरोघरी नळाला लावलेल्या मोटरी सुरू व्हायच्या. पाणी खालीच ओढलं जायचं आणि वर नळ नुसता फुसफुसायचा. मग वरच्या बायका कळशा घेऊन खाली यायच्या.

पाणीपुरवठ्याचे साहेब म्हणाले, "मॅडम, तुम्ही नुसतं हो म्हणा. माणसं आणतो, सगळ्या मोटरी जप्त करतो."

पण जप्तीनंतर दुसऱ्या मोटरी आल्या असत्या आणि दोन्ही गल्ल्यांचं बोलणंही तुटलं असतं. त्यापेक्षा प्रियदर्शनी एकटीच बाळासोंच्या घरी गेली.

बाळासो सोप्यात पेपर वाचत होते. "या, नगरसेविका. मोटर न्यायला आलाय काय? ती बघा, कोपऱ्यात हाय."

"न्यायला न्हाई, आण्णा. मागायला आलेय. पाणी सुटल्यावर पहिला अर्धा तास खालच्यांनी मोटरी बंद ठिवायच्या. तेवढ्यात वरच्यांचं भरून होतंय."

"मग सांगा की लोकास्नी."

"मी सांगितलं तर तोंडावर व्हय म्हणतील आणि मोटर चालूच ठिवतील. तुमचा शब्द मोडणार न्हाईत."

बाळासो हसले. "म्हंजे काम माझं आणि नाव तुमचं!"

"नाव तुमचंच. रविवारी सगळ्यांसमोर सांगते."

तेवढ्यात बाळासोंच्या बायकोनं, विठाबाईनं, चहा आणला. कप ठेवता ठेवता ती नवऱ्याला म्हणाली, "पंधरा वर्षं खुर्चीत हुतासा. तवा ह्या कामाला कुणी आडीवलंतं तुमास्नी?"

बाळासोंचा चेहरा पडला. त्यांनी पेपरची घडी घातली. प्रियदर्शनी उठली तेव्हा एवढंच म्हणाले, "बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती तानाबाईच्या दारात जाऊन उभी राहिली. पाणी सुटायची वेळ झाली. खालून मोटरींची घरघर सुरू झाली. इतक्यात बाळासोंचा आवाज चढावर आला.

"ए आकाराम, बंद कर ती मोटर! अर्धा तास! मी माझी बंद केलीया, तुला काय हुतंय?"

एक घरघर थांबली. मग शेजारची. आवाज एकेका दारापुढून सरकत गेला, आणि शेवटी खालची गल्ली अगदी गप्प झाली.

तानाबाईच्या नळानं आधी हवा सोडली. मग लालसर पाणी थुंकलं. आणि मग अशी जोरात धार लागली, की खालची बादली आडवीच झाली.

"आलं गं! आलं!" तानाबाई ओरडली. घराघरांतून भांडी वाजायला लागली. कुणी कळशी भरेना की पिंप भरेना, आधी सगळ्या एकमेकींवरच पाणी उडवत सुटल्या. प्रियदर्शनी नखशिखांत भिजली आणि भिजल्या पदरानंच तिनं डोळे पुसले.

धापा टाकत बाळासो वर आले. तानाबाईनं नळावर तांब्या भरून त्यांच्या हातात दिला. "प्या, पावणं. आमच्या घरचं हाय."

त्यांनी तो उभ्या उभ्या संपवला.

रविवारी तालमीसमोर बसायला जागा उरली नाही. प्रियदर्शनी उठली आणि म्हणाली, "वरच्या गल्लीला पाणी आलं. ते बाळासोआण्णांनी आणलं." पुढचं तिचं बोलणं कुणाला ऐकूच गेलं नाही, कारण वरच्या गल्लीच्या पोरांनी हलगी आणली होती. कुणीतरी बाळासोंच्या डोक्यावर गुलाल टाकला. ते आधी ओशाळले, मग त्यांनी हात वर केले आणि हलगीच्या ठेक्यावर नाचायला लागले. विठाबाईनं उरलेला गुलाल मुठीत घेतला आणि नगरसेविकेच्या कपाळाला, गालांना, केसांना लावला.