उरलेला हिरवा रंग आणि मी

मित्रांनो, ऑस्ट्रेलियातल्या बिंडारा गावच्या उघड्या चित्रपटगृहात डाव्या खांबावर बसलेला स्पीकर तो मीच. वय विचारू नका. समोरच्या आरामखुर्च्यांची कापडं पाचदा बदलली, मी आहे तिथेच आहे. अंगाला लाकडी खोकं, तोंडावर पातळ कापड आणि आत कागदाचा शंकू. तो थरथरला की माणसं हसतात, रडतात. उजव्या खांबावर माझा जुळा भाऊ बसतो. ब्रिस्बेनहून आम्ही ट्रकने आलो तेव्हा बघायला सगळं गाव लोटलं होतं. तसा मान पुन्हा मिळाला नाही.

आम्हाला सांभाळतो लेस्टर. मशीन चालवणं, तिकिटं फाडणं, पडद्यावरची पाल हाकलणं, सगळं त्याच्याकडेच. त्याची बायको विनी. सहा वर्षांपूर्वी तिची दृष्टी गेली, तरी तिचा एकही खेळ चुकत नाही. माझ्यासमोरची पहिली खुर्ची तिची. चित्रपट ती माझ्या तोंडूनच बघते, आणि खरं सांगतो, तिच्याइतकं मन लावून माझं कुणी ऐकलं नाही.

हंगाम सुरू व्हायच्या आधी गावाचं श्रमदान असतं. त्याचा एक अलिखित नियम आहे: उरलेला रंग घरी न्यायचा नाही, डबा तिथेच संपवायचा. यंदा कुंपण रंगवून हिरवा रंग उरला. लेस्टरला माझी दया आली. ‘किती मळलंय रे तुझं तोंड,’ म्हणत त्याने माझ्या कापडावर चांगले दोन हात फिरवले. मी ओरडणार कसा? वीज आल्याशिवाय मला बोलता येत नाही. भावाची पाळी यायच्या आतच डबा संपला, आणि माझेच लाड होतात म्हणून भाऊ रुसून बसला.

बुधवारी पहिला खेळ लागला. नायक नायिकेचा हात धरून हळुवार काही म्हणाला आणि माझ्या तोंडून नुसती खरखर बाहेर पडली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चहाचा कप घेऊन बसलेल्या डोरीनबाई, म्हणजे आमच्या चित्रपटगृहाच्या समितीच्या अध्यक्ष, मोठ्यांदा म्हणाल्या, “लेस्टर, हा तिला मागणी घालतोय की गुळण्या करतोय?”

सगळे हसले. मध्यंतरात विनी उठली. “शनिवारी मी घरीच थांबते रे. चेहरे दिसत नाहीत, आता शब्दही कळेनात. मग इथे बसून डासांना जेवायला कशाला घालू?”

यालाही सगळे हसले. लेस्टर मात्र हसला नाही.

गुरुवारी सकाळपासून तो माझ्या मागे लागला. स्क्रू आवळले, धूळ झटकली. माझी तार भावाला जोडली, तर भाऊ खणखणीत बोलला. भावाची मला जोडली, तर माझी खरखर चालूच. म्हणजे तारही निर्दोष आणि अँप्लिफायरही. मागची फळी काढून त्याने आतला कागद बोटाने चाचपला. तो कुठेच फाटला नव्हता.

“एक ठेवून दे त्याला,” डोरीनबाई म्हणाल्या. “माझा फ्रिज तसाच चालतो.”

त्याने ठेवूनही दिली. मी तरी काय करणार?

“म्हातारा झाला बिचारा,” लेस्टर शेवटी म्हणाला. “शनिवारी उतरवू. शाळेतला मागून आणतो.”

दोन रात्री माझ्या जिवात जीव नव्हता.

शनिवारी सकाळी लेस्टर शिडी लावून आला, सोबत विनी. “जाता जाता भेटू दे मला त्याला,” ती म्हणाली. त्याने तार न काढता, गाणं चालू ठेवूनच मला खाली उतरवलं. तिने माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि थबकली.

“लेस्टर, हे पुठ्ठ्यासारखं काय लागतंय?”

“रंग दिलाय. हिरवा. छान दिसतो.”

“कापडाला?”

“उरला होता गं.”

विनीने तळवा दाबून धरला. खरखर थांबली. हात उचलला, पुन्हा सुरू. “अख्खा गुरुवार तारा हुंगत फिरलास,” ती म्हणाली, “आणि त्याचं तोंड तूच लिंपून ठेवलंस होय रे, शहाण्या? फाड ते.”

लेस्टरने निमूटपणे कापड फाडलं आणि माझा आवाज मोकळा झाला. मित्रांनो, काय सांगू, मला रडूच फुटलं असतं, पण गाणं आनंदाचं होतं.

“उघडा ठेवला तर पतंग आत घुसतील,” लेस्टर पुटपुटला. “आता एवढं पातळ कापड आणू कुठून?”

“कपाटात माझा पिवळ्या फुलांचा फ्रॉक आहे ना.”

“तो नको. तो घालून तू पहिल्यांदा माझ्याबरोबर इथे आली होतीस.”

“मला तो दिसत नाही. तुझ्या तो लक्षात आहे. मग कपाटात कुणासाठी ठेवायचा?”

लेस्टर निघाला. घरी जाऊन फ्रॉक घेऊन आला.

मित्रांनो, जुन्या वस्तूंवर माया जरूर करा. फक्त ब्रश उचलण्याआधी ती वस्तू कशासाठी आहे, एवढं आठवा. आणि बिघडली, तर तिला म्हातारी ठरवण्याआधी आपण तिचं काय केलं तेही बघा.

बुधवारी माझ्या खरखरीत कुणालाच काही कळलं नव्हतं, म्हणून शनिवारी तोच चित्रपट पुन्हा लावला. मी विनीच्या फ्रॉकच्या पिवळ्या फुलांत नटलो होतो. भाऊ पुन्हा रुसला. विनी तिच्या खुर्चीत, शेजारी लेस्टर. नायकाने नायिकेचा हात धरला. मी जपून, एकेक शब्द नीट उच्चारत बोललो.

विनी जरा पुढे झुकली. मग मागे वळून म्हणाली, “मागणीच घालतोय गं, डोरीन.”