दोघांचे दोन खांदे

आटपाडीच्या पूर्वेला माळावर एक वस्ती आहे. तिथं आप्पासो आणि दगडाबाई राहत. दोघांचा जन्म मेंढरांमागं गेलेला. दिवाळी झाली की कळप घेऊन पश्चिमेला उतरायचं, साताऱ्याकडच्या बागाईतदारांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायची आणि पावसाच्या तोंडावर परत फिरायचं. अलीकडं कळप थोरल्या मुलानं, धनाजीनं, ताब्यात घेतला होता. म्हातारा-म्हातारी घरी राहून चार शेळ्या आणि थोडी डाळिंबं बघत होती. चालायचं थांबलं आणि दगडाबाईचं अंग कुरकुरायला लागलं, असं आप्पासोचं मत होतं.

त्या हिवाळ्यात तिचा उजवा खांदा धरला. पहिल्यांदा तिनं थंडीवर ढकललं. मग भाकरी थापताना तिचा चेहरा वाकडा व्हायला लागला. मग एके दिवशी आंघोळ करून आली तर केस मोकळे सोडलेले आणि फणी डाव्या हातात. उजवा हात मानेमागं जातच नव्हता.

"आण हिकडं," आप्पासो म्हणाला. दार लोटून घेतलं, कारण शेजारच्या सुलाबाईनं बघितलं असतं तर गावभर झालं असतं. तो तिच्यामागं बसला आणि जटा सोडवायला लागला.

"आवं, बायकोचं केस हायती. मेंढरू कातरताय काय?"

"हलू नगंस मग. मेंढरूच बरं, गप तरी उभं राहतंय."

दोघं हसली. पण आंबाडा बांधताना ती नुसती हसण्यामुळं हलत नव्हती, हे त्याच्या ध्यानात आलं. दुखत होतं तिला.

सुलाबाईच्या सांगण्यावरून बाजारच्या दिवशी एक मालिशवाला गाठला. त्यानं तेल चोळलं, पाठीवर गुडघा रोवला आणि एका झटक्यात हात वर ओढला. दगडाबाईनं धनाजीला वाटेवर, एका उसाच्या बांधाला जन्म दिला होता आणि तेव्हाही तिनं आवाज काढला नव्हता. त्या दिवशी ती ओरडली. आप्पासोनं मालिशवाल्याचं मनगट धरलं.

"सोड. सोड म्हणतो न्हवं!"

त्यानंतर खांदा आणखीच बिघडला. आटपाडीच्या डॉक्टरनं फोटो काढला. हाडं ठीक होती, रक्तात साखर मात्र वाढलेली निघाली. "सांधा आखडलाय," डॉक्टर म्हणाले. "साखर असली की हे दुखणं जास्त होतं. गोळ्या देतो, पण हात सुटणार फिजिओथेरपीनं."

धाकटी लेक समीक्षा तासगावात दिली होती. तिच्या घराजवळच असा एक दवाखाना होता. तिनं फोनवर आईचं एक ऐकून घेतलं नाही. दोघांना एसटीत बसायला लावलं आणि तासगावच्या स्टँडवर स्वतः येऊन उभी राहिली.

दवाखान्यातली मुलगी शिवांजली साताऱ्याची, फौजीची लेक. दगडाबाईला वाटलं होतं, आता ही पण ओढणार. तिनं अंग आधीच आवळून धरलं होतं. पण शिवांजलीनं नुसतं विचारलं. कधीपासून दुखतं, झोप लागते का, कुठल्या कामाला अडतं. मग हाताखाली हात धरून, जिथं दुखायला लागलं तिथंच थांबत, सगळ्या बाजूंनी खांदा हलवून बघितला.

"मावशी, सांध्याभोवती एक पिशवी असते. ती आकसलीय. म्हणून हात तुम्हीही वर नेऊ शकत नाही आणि मी नेला तरी जात नाही."

दगडाबाई विचारात पडली. "घोंगडं आटतं तसं?"

"अगदी तसं."

"मग त्या मेल्यानं वडलं म्हणून फाटलं आसंल."

"फाटलं नाही, पण दुखावलं. आता आपण ओढायचं नाही. रोज थोडं, सोसेल एवढंच ताणायचं. वेळ लागेल, काही महिने लागतील. पण सुटेल."

मग शेक सुरू झाला. गरम पाण्यातून काढलेली जड पिशवी टॉवेलात गुंडाळून खांद्यावर ठेवली. मग करंटची मशीन. चार चिकट पट्ट्या लावल्या आणि बटण फिरवलं. दगडाबाईचे डोळे मोठे झाले.

"आवं, मुंग्या चालत्यात! पर चावत न्हाईत."

जरा वेळानं ती चक्क घोरायला लागली. कित्येक दिवसांत ती अशी झोपली नव्हती. आप्पासो स्टुलावर बसून तिच्याकडं बघत राहिला. त्या मशीनच्या पाया पडावं असं त्याला वाटलं.

मशीन झाली की शिवांजली व्यायाम करून घ्यायची. टेबलाला डावा हात टेकून वाकायचं आणि उजवा हात विहिरीत सोडलेल्या बादलीसारखा हलवायचा. काठी दोन्ही हातांत धरून चांगल्या हातानं दुखरा हात वर न्यायचा. भिंतीवर बोटं चालवत वर चढायचं. शेळ्या सुलाबाईवर सोपवून दोघं समीक्षाकडंच राहिली होती; तिथं घरी पण हेच करायचं होतं.

घरी मात्र दगडाबाई करेना. समीक्षाच्या सासरी बेदाण्याचा हंगाम ऐन भरात होता. शेडच्या जाळ्यांवर द्राक्षं पसरायला बायका यायच्या. त्यांच्यासमोर भिंतीवर बोटं चालवायची म्हणजे लाजच की. शिवाय व्यायामानं दुखायचं आणि मशीननं बरं वाटायचं. "मशीनच गुणाची हाय," ती म्हणायची. "बाकी समदं त्या पोरीचं पुस्तकातलं."

एके दिवशी शिवांजलीनं हात किती वर जातो ते मोजलं आणि भुवया आक्रसल्या. "मावशी, घरी करताय ना?"

"करते की."

आप्पासोनं फरशीकडं बघायला सुरुवात केली. शिवांजलीनं त्याच्याकडं बघितलं आणि तिला उत्तर मिळालं. ती रागावली नाही. स्टूल ओढून दगडाबाईसमोर बसली.

"शेकानं अंग सैल पडतं. करंटनं दुखणं थोडा वेळ दबतं. दोन्ही चांगलं आहे, पण त्यानं हात वर जात नाही. दुखणं कमी झालं की तेवढ्या वेळात हात हलवून घेता यावा, म्हणून ते देते मी. तुम्ही नुसतं मशीन घेऊन झोपलात तर खांदा तिथंच राहणार."

"आन् दुखलं म्हंजे?"

"थोडं ताणल्यासारखं दुखेल, ते चालेल. थांबल्यावर लगेच ओसरलं पाहिजे. रात्रभर ठणकलं तर जास्त केलं असं समजायचं."

दगडाबाईनं मान डोलावली, पण घरी बायका दिसताच ती भिंतीपासून मागं फिरली. आप्पासोला कळलं, हिची लाज काही अशी जायची नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं शेडसमोर घराच्या भिंतीपाशी जाऊन फेटा काढून ठेवला, भिंतीला तोंड करून उभा राहिला आणि बोटं वर चालवायला लागला.

"हे काय चाललंय तुमचं?"

"मुंगी चढवतोय. बघू, कुणाची आधी पोचती."

द्राक्षं पसरणाऱ्या बायका खो-खो हसल्या. दगडाबाई आधी पदरात हसली, मग त्याच्याशेजारी येऊन उभी राहिली. त्या दिवसापासून दोघांची ती रीतच पडली. बायका येता-जाता ओरडायच्या, "आज आजी फुडं हाय गं!" आणि दगडाबाई आणखी एक वीत चढायची.

पण एक गोष्ट आप्पासोनं कुणाला सांगितली नव्हती. त्याचा स्वतःचा डावा खांदा दुखत होता. काल-परवाचा नव्हे, तिचा धरायच्या आधीपासून. घरात एकाचं दुखणं चालू असताना दुसऱ्यानं आपलं कशाला काढायचं, म्हणून तो गप्प होता. आता भिंतीपाशी उभं राहिल्यावर त्याला वाटलं, आयतं औषध मिळालं. तिला जे चालतं ते आपल्याला चालणारच. गडी माणूस म्हणून जरा जास्तच करावं. हात वर नेताना मध्येच कळ यायची, तरी तो दात खाऊन वर रेटायचा. काठीचा व्यायामही तो गुपचूप करायला लागला.

खांदा बरा व्हायचा तर लांबच, त्या कुशीवर निजता येईना. डाव्या खांद्याला अडकवायची कापडी पिशवी त्यानं दुसऱ्या बाजूला घेतली. सदरा घालताना डावा हात आधी बाहीत सारायला लागला.

दगडाबाई दोन-चार दिवस बघत होती. मग एका सकाळी तिनं भिंतीवरची बोटं थांबवली.

"कवापासनं दुखतंय?"

"काय?"

"डावा खांदा. दुसरं काय."

"कुटं काय? म्या तर..."

"जन्मभर तुमच्या मागनं चालले म्या. तुमची पाठ तुमच्यापरीस मला जास्त ठावं हाय. डावीकडं कललाय तुमी."

 त्यानं हात खाली घेतला आणि कबूल केलं. "तू दुखण्यात. मी पन निजलो आस्तो, तर तुला फिरवलं कुनी आसतं?"

तिनं पदरानं डोळे टिपले आणि त्याचा फेटा उचलून त्याच्या हातात दिला. "चला."

दवाखान्यात शिरल्याशिरल्या ती पलंगापाशी न जाता उभीच राहिली. "शिवांजलीबाई, आज माजी पाळी ह्यांना द्या."

शिवांजलीनं आप्पासोला हात वर न्यायला सांगितला. हात निम्म्यावर गेला आणि त्याचं तोंड वाकडं झालं. मग ती म्हणाली, "आता सैल सोडा, मी नेते." तिनं हात धरून सावकाश वर नेला. तो थेट कानाला लागला.

आप्पासो चकित झाला. "गेला की वर!"

"जाणारच. तुमचा सांधा मोकळा आहे, मामा. मावशींसारखा आखडलेला नाही. हात उचलणारा जो स्नायू आहे, त्याच्या दोरीला सूज आहे." मग तिनं विचारलं, "घरी काय करत होता?"

आप्पासोनं सगळं सांगितलं. भिंत, काठी, दात खाऊन रेटणं. सांगताना त्याचा आवाज बारीक होत गेला.

"त्यांचा व्यायाम तुम्ही केलात," शिवांजली म्हणाली आणि तिला हसू आवरेना. "सुजलेली दोरी रोज घासली तर सूज उतरणार कशी?"

"पर दोगांचं बी खांदंच दुखत्यात की."

"जागा एकच, मामा. दुखणी दोन आहेत. मावशींना ताणायचं आहे. तुम्हाला थोडे दिवस हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, ओझं त्या बाजूला घ्यायचं नाही. कोपर अंगाशी धरून ह्या रबरी पट्ट्यानं हळूहळू ताकद आणायची. डॉक्टरांनाही एकदा दाखवून घ्या."

आप्पासोनं तो पट्टा हातात घेऊन बघितला. एवढासा रबर. मेंढरं उचलणाऱ्या माणसाला हा पट्टा ओढायला लावतात म्हणजे काय! पण डॉक्टरनंही तेच सांगितलं. मग त्याचं काही चालेना.

भिंतीपाशी आता दगडाबाई एकटी चढायची. आप्पासो बाजूला खुर्चीवर, पट्टा खिडकीच्या गजाला बांधून कोपर अंगाशी धरून बसायचा. त्याचं कोपर जरा सुटलं की तिची हाक यायची, "कोप्पर!" भिंतीकडं तोंड असूनही तिला कसं दिसायचं, देव जाणे. समीक्षा म्हणायची, "आईनं बाबांना असं जन्मात कवा दरडावलं नव्हतं." आप्पासो वरवर कुरकुरायचा, पण आतून त्याला ते आवडत होतं. माळावर दुखण्यात गुरफटून, भिंतीला पाठ लावून बसलेली दगडाबाई त्याला बघवत नव्हती. ही दरडावणारी त्याच्या ओळखीची होती. वाटेवर कळपाला नि त्याला एकाच आवाजात हाकणारी.

त्याच्या खांद्याची सूज लवकर उतरली. तिचा खांदा वेळ घेत राहिला. काही दिवस ती खचायची, म्हणायची, "हे काय आता सुटत न्हाई." मग शिवांजली मागच्या वेळी हात कुठवर होता ते दाखवायची. उन्हाळा लागला, बेदाणा पेट्यांत भरला, शेड मोकळी झाली आणि शिवांजलीनं सांगितलं, आता रोज यायची गरज नाही, घरी करत राहा.

आटपाडीला परतायच्या आधी दोघांना धनाजीला बघायचं होतं. त्याचा कळप लोणंदच्या बाजूला बसला होता. साताऱ्याला गाडी बदलून ती लोणंदच्या एसटीत चढली, तर गाडी बाजारानं गच्च भरलेली. कांद्याच्या पाट्या, पोती, माणसं. एका तरुण पोरीनं उठून दगडाबाईला जागा दिली.

दगडाबाईनं आप्पासोला खांद्याला न लागता दंडाला धरलं आणि त्या जागेवर बसवलं.

"अगं, तू बस. म्या गडी माणूस..."

"गडी माणसाचं बघितलंय म्या. बसा."

गाडीनं हिसका दिला. दगडाबाईचा उजवा हात आपसूक वर गेला आणि तिनं डोक्यावरचा आडवा गज धरला. धरल्यावर तिच्या ध्यानात आलं. तिनं वर हाताकडं बघितलं, मग खाली नवऱ्याकडं बघितलं. आप्पासो तोंड उघडं टाकून बघतच राहिला होता.

"दुखतंय?"

"जरा वडल्यागत हुतंय," ती म्हणाली. "तेवढं चालतंय."

कंडक्टर तिकिटं काढत आला. "आजी, बसून घ्या की, पुढं जागा करून देतो."

"नगं बाबा," दगडाबाई म्हणाली. "माजा व्यायाम चाललाय."

वाठार मागं पडलं तरी तिनं गज सोडला नाही. आप्पासोनं पिशवी मांडीवर घेतली, तिच्या लुगड्याचा सोगा कुणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून मुठीत धरला आणि लोणंद येईपर्यंत तसाच बसून राहिला.