तीन टक्के

"महिन्यातून किती वेळा सुजतो हा गुडघा?" डॉक्टरबाईंनी मापाची टेप गुंडाळत विचारलं.

सुवर्णानं आधी मुलाकडं पाहिलं, मग भिंतीकडं. "दोनदा. कधी तीनदा. पण मॅडम, त्याले मध्यम हाये ना? कागदावर तसंच लिहेल हाये."

सात वर्षांच्या संघपालला हिमोफिलिया आहे, त्याचं रक्त लवकर थांबत नाही, हे तो रांगायला लागला तेव्हाच कळलं होतं. तीन वर्षांपूर्वी तपासणीत रक्त गोठवणारा घटक तीन टक्के निघाला. एकाच्या खाली असला तर आजार तीव्र, एक ते पाच असला तर मध्यम, हे सुवर्णानं पाठ करून टाकलं होतं. चिखलीजवळच्या गावात अंगणवाडीतली खिचडी शिजवता शिजवता ती आल्यागेल्याला सांगायची, "मध्यम हाये, तीव्र नाही." संघपाल पाय धरून बसला की त्यालाही तेच सांगायची, "नाटकं नको करू." गेल्या आठवड्यात तर हाताला धरून शाळेत ओढत नेलं होतं.

आज नवा रिपोर्ट आला होता. एक टक्क्याहूनही कमी.

"मंग वाढला का आजार?"

"वाढला नाही. आधीपासून एवढाच होता." बाईंनी जुना रिपोर्ट पुढं ओढला. "ते आधीचं रक्त तपासायला दिलं, त्याच्या आदल्या दिवशी फॅक्टरचं, म्हणजे त्या रक्त गोठवणाऱ्या घटकाचं, इंजेक्शन झालं होतं का?"

सुवर्णाला आठवलं. पडून संघपालचा ओठ फुटला होता. इंजेक्शन एका गावी घेतलं, दुसऱ्या दिवशी रक्त दुसऱ्या गावी दिलं.

"हाव. पण कोणी इचारलंच नाही."

"मग ते तीन टक्के इंजेक्शनचे होते. त्याचे स्वतःचे नव्हते."

आजार तीव्र ठरल्यामुळं आता दुखो न दुखो, आठवड्यातून दोनदा इंजेक्शन मिळणार होतं. बाई समजावत होत्या, सुवर्णा मान हलवत होती. आजार मोठा निघाला म्हणून रडावं, की औषध मिळणार म्हणून हायसं वाटून घ्यावं, तिला काही उमजेना.

"न् हा गुडघा?"

"आत रक्त साचून साचून झिजलाय थोडा. यापुढं बिघडू नये, एवढं बघू आपण."

बाहेर आल्यावर संघपालनं विचारलं, "मम्मी, मंग मी नाटक नव्हतो करत ना?"

सुवर्णा रिपोर्टची घडी घालत राहिली. घडी काही नीट बसेना.

"नाही बापा," ती म्हणाली. "तुले दुखतच होतं. माह्यं चुकलं."

चिखलीच्या एसटीत दोघांपुरती जागा मिळाली. तिनं त्याला खिडकीशी टेकवून बसवलं, पाय सरळ करून शेजारच्या जागेवर ठेवला.

"ताई, पोराले मांडीवर घ्या न् बसा," कंडक्टर म्हणाला.

"राहू द्या, भाऊ. पाय दुखते त्याचा."

चिखली येईस्तोवर ती दांडा धरून उभी होती.