अध्यक्षांचे दुपटे

मी एक जुने सुती कापड आहे. पण मित्रांनो, मला साधेसुधे समजू नका. माझ्या अंगभर एका राष्ट्राध्यक्षांचे चेहरे छापलेले आहेत.

माझा जन्म आफ्रिकेतल्या एका देशातला. अध्यक्षांच्या कारकिर्दीचा वाढदिवस आला की गिरणीत त्यांच्या चेहऱ्याचे कापड छापायचे आणि बायकांनी ते नेसून मिरवणुकीत नाचायचे, अशी तिथली रीत. मी दहाव्या वाढदिवसाचे. तेव्हा अध्यक्ष खरोखर लाडके होते. त्यांनी गावोगाव शाळा काढल्या होत्या, आणि भाषण मध्येच थांबवून ते स्वतःही नाचत. माझी छाती कशी फुगून येई!

गिरणीतले इंजिनिअर पद्माकर पुण्याला परतताना कामगारांनी मला त्यांना भेट दिले. पुण्यात कपाटात मानाची जागा मिळेल, असे मला वाटले होते. कसले काय! पद्माकरांनी मला चक्क लुंगी म्हणून गुंडाळले. एका देशाचे अध्यक्ष, आणि लुंगी! पुढे माझ्यावर पापड वाळले, मी इस्त्रीखाली अंथरले गेले, आणि लेक चित्रलेखा मेलबर्नला निघाली तेव्हा तिच्या खलबत्त्याभोवती गुंडाळून तिथल्या क्रेगीबर्न या उपनगरात येऊन पडले.

मग ती महामारी आली. चित्रलेखाला दिवस गेले होते. तिची आई सरिता बाळंतपणाला येणार होती, पण सीमा बंद झाल्या आणि तिकीट रद्द झाले. चित्रलेखा फोनवर रडली.

"निदान दुपटं तरी शिव," सरिता म्हणाली. "पण घरच्या जुन्या कापडाचं हं. नवं बाळाला बोचतं."

"आई, इथे सगळं नवंच आहे गं. तूही नाहीस."

तेवढ्यात तिचा नवरा अपूर्व मला आणि कात्रीला घेऊन आला. "चित्रा, मास्कसाठी मस्त मटेरियल मिळालं! नाकावर प्रेसिडेंट, मग व्हायरसची काय हिंमत!"

"अरे थांब, ती माझी लुंगी!" फोनमधून पद्माकर ओरडले.

"तेच घे," सरिता लगेच म्हणाली. "किती वर्षं या हातांनी धुतलंय मी ते."

मित्रांनो, मी वाचले! मला धुऊन मागच्या दोरीवर टाकले. तर कुंपणापलीकडून मिरियम नावाची शेजारीण इंग्रजीत ओरडली, "अगं बाई, हे तर आमचे अध्यक्ष!" ती त्याच देशातली निघाली.

"लहानपणी याच्या गाडीला झेंडे दाखवलेत मी," ती म्हणाली. "आधी शाळा बांधल्या, मग नुसते स्वतःचे पुतळे. निवडणूक तोच घ्यायचा, तोच जिंकायचा. कापडावर मात्र तरुणच!"

"आणि आता?" चित्रलेखाने विचारले.

"हरला एकदाचा! आता गोळ्या सुटणार म्हणून माझी आई पलंगाखाली लपली. आणि म्हातारा टोपी घालून चक्क घरी गेला. अख्खा देश रस्त्यावर नाचला. आता मका लावतो म्हणे."

मला आधी वाईट वाटले. मग वाटले, इतकी वर्षे खुर्चीवर ताठ बसलेल्या माणसाला त्या शेतात किती हलके वाटत असेल! मलाही हसू आले.

मिरियमने शिलाई मशीन दिले आणि चित्रलेखाने एका दुपारीत मला चार पदरी शिवून टाकले. सरिताने फोनवर पाहिले मात्र, कपाळाला हात लावला.

"हे दुपटं आहे की पायपुसणं? मशीनची शिवण कडक होते. उसव आणि हाताने धावदोरा घाल."

"बाळ कधीही येईल, आई!"

"म्हणून तर म्हणते, लवकर उसव."

अपूर्व मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून टाके उसवी आणि चित्रलेखा नवे घाली. एक कड राहिली असतानाच तिला कळा सुरू झाल्या. मुलगी झाली! भेटीची वेळ संपल्यावर अपूर्वला हॉस्पिटलमधून घरी पाठवले. तो जेवलासुद्धा नाही. फोन डब्याला टेकवून, सासूबाईंच्या देखरेखीखाली त्याने ती कड शिवली. टाके इतके वाकडे, की सरिता हसून हसून रडली.

बाळ घरी आले. मला अंथरून माझ्यावर तिला ठेवले. पुण्यात दोघे फोनला नाक लावून बसले होते.

"बोचत नाही ना गं तिला?" सरिताने विचारले.

"नाही आई. सायीसारखं मऊ आहे."

"मग झालं तर. आमच्याच हातांनी मऊ झालंय ते. आम्हीच घेतलंय तिला."

तेवढ्यात बाळाने अध्यक्षांना यथेच्छ भिजवले. दोन्ही घरांत हशा पिकला, आणि हे कळल्यावर कुंपणापलीकडे मिरियमने तर टाळ्या वाजवल्या. खरे सांगते, इतका मान मला मिरवणुकीतही मिळाला नव्हता.

म्हणून विनवते, मित्रांनो, घरातले जुने कापड विटले म्हणून फेकू नका. ते धुवा, उन्हात वाळवा, जपा. वापरणाऱ्यांची माया त्यात मुरलेली असते. आणि आता जरा हळू बोला. ती आत्ताच झोपली आहे.