भिंगरीची डावी बाजू

माझा धंदा केस कापण्याचा. खुर्चीत बसलेली बाई माझ्याशी आरशातून बोलते, आणि आरशातून बोलणाऱ्या माणसाला मत विचारावं लागत नाही. भाचीला पहिलीत घालायचंय एवढं मी बोलायचा अवकाश, गिऱ्हाइकांनी आसपासच्या तिन्ही सरकारी शाळा विंचरून काढल्या. पाण्याच्या टाकीजवळची उत्तम, मंडईमागची बरी, आणि बस आगारासमोरचीचं तर नावही काढू नका म्हणाल्या. तिथं भिंतींना रंग नाही आणि पोरांच्या तोंडाला कुलूप नाही.

पोरीच्या बापाचं, म्हणजे माझ्या धाकट्या भावाचंही तेच. त्यानं फोनवर टाकीजवळच्या शाळेला मिळालेले तारे बघितले आणि विषय संपवला. मी म्हटलं, तारे आकाशात बघायचे, शाळा जाऊन बघायची. माझा स्वभाव त्याला माहीत आहे, म्हणून त्यानं नुसता सुस्कारा सोडला.

माझ्या हट्टाला कारण होतं. आमच्या भिंगरीला तापानंतर उजव्या कानानं ऐकू येत नाही. डावा ठणठणीत आहे. बालवाडीत तिला उजवीकडून हाका मारल्या, ती वळली नाही, आणि वर्ष संपताना तिथल्या बाईंनी भावजयीला सांगितलं की मुलगी जरा मंद आहे. टीव्हीवरच्या बातम्या देणाऱ्याची नक्कल करून आम्हाला लोळवणारी पोर म्हणे मंद. भावजय रडली. मी चिडले. हा शब्द आता पुन्हा तिला चिकटू द्यायचा नाही, हे मी त्याच दिवशी ठरवलं. अर्ज भरायला आता आठवडा उरला होता.

टाकीजवळच्या शाळेत आम्ही सगळा लवाजमा घेऊन गेलो. फरशी अशी लख्ख की चपला हातात घ्याव्याशा वाटल्या. मुख्याध्यापिकांनी भिंगरीला रंग विचारले, आकडे विचारले, घरी कोण कोण असतं ते विचारलं. पोरीनं धडाधड उत्तरं दिली, वर त्यांच्या चष्म्याला दोरी कशाला लावलीय याचीही चौकशी केली. भावाची छाती फुगली. मीसुद्धा मुकाट्यानं हार मानून खूश झाले.

उठताना माझं लक्ष खुर्च्यांकडे गेलं. आत शिरताच भावानं भिंगरीला टेबलाच्या उजव्या टोकाला बसवलं होतं, म्हणजे मुख्याध्यापिका आपसूक तिच्या डाव्या हाताला. मधली खुर्ची मी मागं ओढून घेतली होती. भावजय भिंतीला चिकटून उभी होती. कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं. आमच्या घरात जेवताना, चालताना, रुसवा काढताना सगळे तिच्या डावीकडेच जातात. ते इतकं अंगवळणी पडलंय की कानाबद्दल सांगायचंसुद्धा आम्ही विसरलो होतो. मला स्वतःचाच राग आला. शाळा बघायला म्हणून आलो आणि बरोबर आपलं घरच उचलून आणलं. वर्गात तिच्याबरोबर कोण आत्या जाणार होती?

मग मी कानाचं सांगितलं. मुख्याध्यापिका भल्या होत्या, त्यांनी सगळं ऐकून घेतलं. पण जागा हजेरीच्या क्रमानं ठरतात आणि वर्षभर बदलत नाहीत, एकीला बदलून दिली तर सगळेच पालक मागतील, असं त्या म्हणाल्या.

बाहेर आल्यावर मी जाहीर केलं की उरलेल्या दोन शाळांत भिंगरीला मुद्दाम चुकीच्या बाजूला बसवायचं आणि कुणी अवाक्षर काढायचं नाही.

भाऊ रस्त्यातच थांबला. "पोरीची परीक्षा घेतेस का, ताई?"

"पोरीची नाही. शाळेची."

मग तो माझ्या पुढं तरातरा निघून गेला. दुसऱ्या दिवशी आला मात्र.

मंडईमागच्या शाळेतल्या सरांनी बाजाराच्या गोंगाटात भिंगरीला उजवीकडून दोनदा नाव विचारलं, तिसऱ्यांदा आवाज चढवला, मग आमच्याकडे बघून हसले आणि मुलीला अजून एक वर्ष घरीच ठेवा म्हणाले. भावजयीनं माझा हात एवढा दाबला की बांगडी रुतली.

आगारासमोरच्या शाळेचा गलका फाटकापर्यंत येत होता. ऐकलंस ना, असं भावानं मला डोळ्यांनीच विचारलं. खडूनं हात माखलेल्या एका बाईंनी आम्हाला वर्गातच, पोरांच्या बाकांवर बसवलं, गुडघे हनुवटीला लावून. त्यांनी उजवीकडून भिंगरीला नाव विचारलं. ती खिडकीतून आगारात मागं मागं सरकणारी बस बघत राहिली. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. माझी जीभ नुसती वळवळत होती. बाईंनी आवाज चढवला नाही. त्यांनी तिच्या खांद्याला हलकेच हात लावला. भिंगरी गर्रकन अख्खी वळली, डावा कान पुढं करून, आणि बाईंनी ते वळणं नीट बघितलं. मग त्या तिच्यासमोर उकिडव्या बसल्या.

"मी कुठं बसले तर तुला बरं ऐकू येईल?"

भिंगरीनं आमच्याकडे बघितलं. हा प्रश्न तिला आजवर कुणी विचारलाच नव्हता, कारण त्याआधीच आम्ही सरकलेलो असायचो. मग तिनं डावीकडे बोट दाखवलं. बाई तिकडे जाऊन बसल्या.

"वर्ग भरलेला असला की मी हे विसरणार. मग तू काय करशील?"

"तुम्हाला सांगेन. इकडून बोला."

"मोठ्यानं सांगायचं हं. इथं हळू बोललेलं कुणालाच ऐकू येत नाही."

घरी जाताना भाऊ म्हणाला की एवढ्या कलकलाटात एका कानानं पोर शिकणार कशी. त्याचं चूक नव्हतं. उत्तर भावजयीनं दिलं. शांत वर्गात ऐकू आलं नाही तरी ती वर्षभर गप्प बसेल आणि कुणाला पत्ताही लागणार नाही, म्हणाली. अर्ज याच शाळेत भरायचा. भावानं तारे पुन्हा एकदा बघितले आणि फोन खिशात टाकला.

गिऱ्हाइकांनी नाकं मुरडली. मी म्हटलं, मान सरळ ठेवा, कात्री चालू आहे.

पहिल्या दिवशी मी तिला फाटकापर्यंत सोडलं, अर्थातच तिच्या डावीकडून. ती आत गेली. लाल दप्तरवाली एक मुलगी तिच्या उजवीकडे येऊन काहीतरी सांगू लागली. भिंगरी पुढंच बघत होती. त्या मुलीचा चेहरा उतरला. माझा पाय फाटकाच्या आत पडलाच होता. मी तो मागं घेतला आणि दोन्ही हातांनी गज धरून ठेवले. हे मला फार जड गेलं.

मुलीनं तिची बाही ओढली. भिंगरी वळली, तिनं त्या मुलीला दोन्ही खांद्यांना धरलं, उचलल्यासारखं करून आपल्या डावीकडे नेऊन उभं केलं आणि म्हणाली, "आता सांग."

फाटकापर्यंत ऐकू आलं मला.